कोंबडीशिवाय कोंबडीचं सूप

अक्का या वयात लग्न करणार, हे घरानं कसंबसं पचवलं होतं. पण ती कोंबडीशिवाय कोंबडीचं सूप करणार, हे मात्र कुणाच्या घशाखाली उतरेना.

लग्नाचं तिनं जेवता जेवता सांगितलं होतं, मीठ इकडे सरकव म्हणावं तितक्या सहज. अण्णा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, रुसून घरच्या सूपघराच्या गल्ल्यावर बसेनासा झाला आणि कुणी मनधरणी करेना म्हणून आपणच परत येऊन बसला. अण्णाच्या बायकोला सूपघरातली गिऱ्हाईकं वहिनी म्हणत, त्यामुळे पोटची दोन मुलंही वहिनीच म्हणायची. ती तेव्हा पातेलं घासत होती. ते घासून झालं, मग तिनं ते पुन्हा घासलं.

अर्धं आयुष्य या नणंद-भावजया एका ओट्याशी उभ्या राहिल्या होत्या. मिठावरून अबोला, गाजरं कशी कापायची यावरून अबोला, एकदा तर झाकण ठेवायचं की अर्धवट ठेवायचं यावरून सबंध हिवाळा अबोला. पण अबोल्यातही एकीनं हात मागे केला की दुसरी बरोबर हवी तीच पळी त्या हातात ठेवायची. भांडण काय होतं हे दोघी विसरायच्या, पळी मात्र कधी चुकली नाही.

आता सुटीच्या दिवशी सूपघरातच बैठक बसली होती. खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवलेल्या, खिडकीशी एक लांब टेबल तेवढं मोकळं. टेबलाच्या टोकाला नवरदेव बसले होते. पलीकडच्या रस्त्यावर दवाखान्यांच्या इमारतीत तळमजल्याला त्यांची खोली होती आणि तिथे ते कवळ्या करत. सगळे त्यांना कवळीवाले म्हणत, आणि प्राण्यांपासून आलेलं ते काहीच खात नसत. अंगानं बारीक, कोटाच्या बाह्यांवर कायम प्लॅस्टरची पांढरी भुकटी, आणि समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन बघायचे, की माणूस वाक्य अर्धंच सोडून ओठ मिटून घ्यायचा.

"माझा माणसाला विरोध नाही," अण्णा तोंडावर हात धरून म्हणाला. "विरोध त्यांच्या धंद्याला आहे. आपली निम्मी गिऱ्हाईकं कशी आहेत? बिनदातांची. हे त्यांना दात बसवतात. दात आले की माणूस चावायला जातो, सूप प्यायला कशाला येईल? अक्का, तू आपल्या मुळावर आलेल्या माणसाशी लग्न करते आहेस."

"नवी कवळी बसवली की सुरुवातीला मी सगळ्यांना पातळच खायला सांगतो," कवळीवाले शांतपणे म्हणाले. "आणि पत्ता तुमचाच देतो."

हे अण्णाला ठाऊक नव्हतं. तो घसा खाकरायला लागला.

मग थोरल्यानं सूत्रं हातात घेतली. अण्णा-वहिनीचा हा मुलगा विमा कंपनीत होता आणि घरातल्या गोष्टींनाही कलमं लावायचा. "मूळ प्रश्न व्याख्येचा आहे," तो म्हणाला. "तुम्ही नेमकं काय खात नाही, आणि का?"

कवळीवाल्यांनी थोडा विचार केला. "सगळा जन्म दात करण्यात गेला. आता ज्याला दात आहेत, त्याला चावणं माझ्याच्यानं होत नाही."

त्यात उत्तर देण्यासारखं काय आहे तेच कुणाला समजेना. शेवटी थोरल्याची बहीण पुढे झुकली. ती धाकटी, जनावरांची डॉक्टर. "पण काका, कोंबडीला दात नसतात."

"ऐका!" अण्णानं टेबलावर थाप मारली.

कवळीवाल्यांनी मान डोलावली. "खरं आहे," ते म्हणाले. "म्हणून तर तिचं जास्त वाईट वाटतं. तिला आपण दात करूनसुद्धा देऊ शकत नाही."

"आणि दूध? दुधाला कुठले आलेत दात?"

"गायीला आहेत की. पुढचे वरचे नसतात, पण खालचे असतात."

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली, आणि तिच्या आवाजातला आदर ऐकूनच वहिनी समजली की पोरगी तिकडच्या गोटात गेली.

"मध?" थोरल्यानं शेवटचा प्रयत्न केला.

"मधमाशीचं मला नक्की माहीत नाही. म्हणून खात नाही."

इतका वेळ गप्प असलेली अक्का आता उभी राहिली. ती उंच होती, आणि उभी राहिली की बसलेल्यांना आपण शाळेत आहोत असं वाटायचं. "माझं म्हणणं थोडक्यात आहे. मी सूपघर सोडणार नाही, पण हाडं सोडणार. दिवसभर हाडं उकळायची आणि तो वास अंगावर घेऊन त्यांच्या घरात शिरायचं, हे मला जमणार नाही. आणि इथली सुपं हाडांवाचून होत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी ऐका. कांद्याचं सूप गेले कित्येक दिवस बिनहाडांचं आहे. वाटाण्याचंही."

अण्णाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कालच त्यानं कांद्याच्या सुपाचे दोन वाडगे ओरपून वर म्हटलं होतं, आज हाडं झकास आली होती वाटतं.

"कांदा काळसर होईपर्यंत परतायचा, घाई करायची नाही," अक्का म्हणाली. "वाळलेले मश्रूम भिजवून त्याचं पाणी, करपत आणलेली गाजरं, सोया सॉसचे थेंब. वाटाण्यात त्या डुकराच्या तुकड्याऐवजी धुरावलेलं मीठ. माशाचं सूपही जमलंय. समुद्रातलं शेवाळ घातलं की समुद्र येतो आणि सायीच्या जागी काजू वाटून घातले की कुणाला शंका येत नाही."

"वहिनी, तुला माहीत होतं हे?" थोरल्यानं विचारलं.

सगळे वहिनीकडे वळले. तिला माहीत होतं. खाटकाकडून येणारी पुडकी जशीच्या तशी मागच्या दारानं कुत्र्यांना जाताना तिनं रोज पाहिली होती. आपण गप्प का बसलो याचा तिनं स्वतःशीही उलगडा केला नव्हता.

"कांदा मी परतत नाही," ती म्हणाली. "तो अक्कांचा प्रांत."

"कोंबडीचं राहिलंय," अण्णा हेका न सोडता म्हणाला. "ते असं लबाडीनं होत नाही."

मग थोरल्यानं अटी घातल्या. एकाच वेळी दोन पातेली शिजतील. खरं सूप वहिनी करेल, बिनकोंबडीचं अक्का. घरचे डोळे बांधून चाखतील. फरक ओळखता आला नाही तर सूपघरात हाडं बंद. ओळखता आला तर अक्कानं सूपघराचा नाद सोडावा आणि लग्नानंतर काय ते आपल्या घरी शिजवावं.

"कबूल," अक्का म्हणाली. वहिनीचं मत कुणी विचारलंच नाही.

स्वयंपाकघरात दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. वर पंखा घरघरत होता, खिडकीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. वहिनीची कोंबडी मुकाट शिजत होती. मागून अक्काच्या पातेल्याचा वास येत होता, आणि तो इतका ओळखीचा होता की वहिनीला राग आला.

"डोळे कुठून आणणार?" तिनं मान न वळवता विचारलं. कोंबडीच्या सुपावर चरबीचे पिवळे डोळे तरंगायला हवेत. जुनी गिऱ्हाईकं चमचा घालायच्या आधी ते बघतात.

"गाजर किसून तेलात मंद ठेवलंय. तेल गाळून वर सोडायचं."

वहिनी वळली. पातेल्यातून खरोखरच पिवळे डोळे वर बघत होते. "फार एकसारखे आलेत," ती म्हणाली. "खऱ्याचे लहानमोठे असतात."

अक्कानं पळीनं ढवळलं. डोळे फुटले, पुन्हा जमले, लहानमोठे झाले. "आता?"

"आता ठीक. पण ओठाला चिकटायला पाहिजे."

"बार्ली उकळून तिचं पाणी घातलंय. घे, चाख."

वहिनीनं चमचा तोंडात घेतला. चिकटत होतं. सेलरी होती, मिरी होती, भाजलेल्या कांद्याचा गोडवा होता. तिनं डोळे मिटले आणि वाट पाहिली.

"सुरुवात आहे," ती म्हणाली. "शेवटही आहे. मध्ये कुणी नाही."

आजवर अशा वेळी अक्का पाच उत्तरं तोंडावर फेकायची. आज ती पातेल्याकडे बघत राहिली. "मलाही तेच वाटतंय," ती हळूच म्हणाली. "किती दिवस झाले, शोधतेय. सापडत नाही."

अक्कानं पातेल्यातलं थोडं सूप एका वाडग्यात काढून फडताळात झाकून ठेवलं. पहिला वाटा बाजूला काढायची तिची सवय होती. मग पदराला हात पुसत म्हणाली, "त्यांच्या घरची शेगडी खिडकीपासून लांब आहे. अंधार असतो. ओटाही छोटा, एकच बाई मावेल. पण होईल सवय." आणि ती केस नीट करायला निघून गेली.

एकच बाई मावेल. वहिनी तिथंच उभी राहिली. मग तिनं उकळत्या पाण्याची किटली उचलली आणि आपल्या कोंबडीच्या पातेल्यात धार धरली. थोडंसंच घालायचं होतं, फरक कळू नये इतपत. पण हात थांबेचना. कोंबडी बिचारी पाण्यात हरवून गेली.

किटली जागेवर ठेवून ती टेबल मांडायला बाहेर आली, तेव्हा अण्णा "जरा पाणी पितो" म्हणत आत गेला. पाणी प्यायला त्याला बराच वेळ लागला.

थोरल्यानं रुमालांनी डोळे बांधले: आधी अण्णाचे, मग वहिनीचे, शेवटी स्वतःचे, आणि स्वतःची गाठ बसेना म्हणून आत्याला हाक मारली. अक्कानं गाठ जरा जास्तच घट्ट मारली. धाकटी वाढायला होती. कवळीवाल्यांचे डोळे उघडे होते. त्यांच्यापुढे अक्काच्या पातेल्यातलं सूप वाफाळत होतं आणि निकाल लागला की त्यांनी ते प्यायचं होतं.

"पहिला वाडगा," धाकटी म्हणाली.

चमच्यांचे आवाज झाले. थोरला विचारपूर्वक म्हणाला, "मला यात कोबीचा वास येतोय. हे बनावट आहे."

"उघड आहे!" अण्णा ओरडला. "भांडी विसळलेलं पाणी!"

वहिनीनं आपल्याच सुपाचा तो उद्धार मान खाली घालून ऐकला.

"दुसरा वाडगा."

"ही कोंबडी," थोरला म्हणाला. "लेखी देतो."

"हीच ती!" अण्णा म्हणाला. "अक्का, तू जिंकलीस! म्हणजे, हे जर तुझं असेल तर. कुणाचं आहे मला काय माहीत, माझे डोळे बांधलेत."

वहिनीनं दुसऱ्या वाडग्यातला चमचा तोंडात घेतला. भाजलेला कांदा आला, सेलरी आली, ओठ चिकटले. आणि मघाशी जी जागा रिकामी होती तिथं कुणीतरी येऊन ऐसपैस बसलेलं होतं. ते कोण आहे, हे ओळखायला वहिनीला दुसरा चमचा लागला नाही. तिनं रुमाल खाली ओढला. शेजारी तिचा नवरा डोळ्यांवर रुमाल बांधून साळसूदासारखा बसला होता आणि त्याचे दोन्ही कान लालबुंद झाले होते. लग्न झाल्यापासून तो खोटं बोलला की कान असेच पेटायचे.

टेबलाच्या टोकाला कवळीवाल्यांनी चमचा भरून फुंकर घातली.

वहिनी कशी उठली, खुर्ची कुठे पडली, हे तिला नंतर आठवेना. "थांबा!" म्हणून ती ओरडली, त्यांच्या हातातला चमचा उडवला, वाडगा उचलला, आणि आता याचं काय करायचं हे न सुचून उभ्या उभ्या तो सबंध पिऊन टाकला.

सूप उकळतं होतं.

"कोण ओरडलं?" थोरला रुमालाआडून विचारत होता. "चाचणी चालू आहे!"

वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तोंड उघडं ठेवून ती हाताने वारा घालत होती. अक्कानं तिच्याकडे पाहिलं, रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं, आणि तडक आत गेली. परत आली तेव्हा तिच्या पळीत दोऱ्यानं बांधलेली एक तंगडी होती.

"हे कुणाचं काम?"

तिची नजर वहिनीवर होती. कोंबडीचं पातेलं वहिनीच्या ताब्यात होतं, वैर जुनं होतं, आणि ती बोलत नव्हती. वहिनीला नवऱ्याकडे बोट दाखवता आलं असतं. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"मी," अण्णा म्हणाला. तो उभा राहिला होता, रुमाल तसाच बांधलेला, त्यामुळे तो कबुली भिंतीला देत होता. "मी चाखलं तुझं सूप. तू हरणार होतीस, अक्का. हरलीस की तू जाणार. मी म्हटलं, एका तंगडीचा तर प्रश्न आहे."

"आणि मी जिंकले असते तर कोंबडीच बंद झाली असती! तुझाच ना कोंबडीचा हट्ट?"

"ते पुढचं पुढे बघितलं असतं."

"अरे, आणि ते हे प्यायले असते तर?"

अण्णानं मान खाली घातली. एवढा पुढचा विचार त्यानं केला नव्हता, हे त्याच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं.

"पण मग पहिला वाडगा वहिनीचा," धाकटी चमचा चाटत म्हणाली. "त्यात तर खरी कोंबडी आहे. तो इतका पांचट कसा?"

आता सगळे वहिनीकडे बघायला लागले. वहिनी पंख्याकडे बघायला लागली.

थोरल्यानं महत्प्रयासानं रुमाल सोडवला. "म्हणजे दोन्ही बाजूंनी अफरातफर," तो म्हणाला. "निकाल रद्द."

अक्का खुर्चीत बसली. तंगडी तिनं समोर बशीत ठेवली. "म्हणजे चाचणीत माझं सूप कुणी चाखलंच नाही," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं वहिनीला वाटलं.

"मी चाखतो की," कवळीवाले म्हणाले. "रोज."

"हो, तुम्ही तरी. कसं होतं सांगा यांना."

कवळीवाल्यांनी कोटाची बाही झटकली. थोडी भुकटी टेबलावर पडली. "मला एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "प्लॅस्टर, रसायनं, लोकांच्या जुन्या कवळ्या. यात माझं नाक कधीच गेलं. वास येत नाही मला. चवही फारशी लागत नाही. गरम आहे का गार, एवढं कळतं."

"मग रोज छान छान म्हणायचात ते?"

"तुम्ही करताना बोलत असता. आज कांदा कसा होता, मश्रूमनं कसं छळलं. ते छान वाटायचं. मला वाटलं, तुम्हाला करायला आवडतंय."

अक्काचा चेहरा बघण्यासारखा झाला. "इतके दिवस मी गाजराचे डोळे पाडले," ती म्हणाली, "ते नाक नसलेल्या माणसासाठी?" ती उठली. "लग्न नाही. रद्द. चाचणीसारखं तेही रद्द."

अण्णाला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण तोही घाबरून बायकोकडे बघायला लागला. या लग्नाला सुरुवातीपासून सगळ्यांत जास्त विरोध कुणाचा असेल तर तो वहिनीचा, न बोलता केलेला. आणि आता तीच वहिनी जड जिभेनं, एकेक शब्द ढकलत बोलायला लागली.

"अक्का, खाली बसा. नाक काय करायचंय? यांना आहे की नाक." तिनं अण्णाकडे हात केला. "इतक्या वर्षांत कधी सांगितलं, आज कसं झालंय ते? आणि हा माणूस. चव नाही, वास नाही, तरी तुमच्या शेगडीपाशी येऊन बसतो. का? तर तुम्ही बोलता म्हणून. मी तुमच्यापाशी इतकी वर्षं उभी आहे, मला नुसतं मीठ जास्त झालं एवढंच ऐकायला मिळालं."

"जास्तच असायचं," अक्का म्हणाली. पण बसली.

"ज्याला वास येत नाही, त्याच्या घरी हाडांचा वास नेला काय आणि नाही नेला काय. तुम्ही आपल्या अर्ध्या ओट्यावर तुमचं करा, मी माझ्या अर्ध्यावर माझं. तुमच्या पातेल्यात मी कोंबडी पडू देणार नाही. आणि चव मी सांगीन. रोज. मध्ये कोण यायचं राहिलंय, ते दोघी मिळून शोधू."

"म्हणजे दोन्ही सुपं ठेवायची?" थोरला म्हणाला. "मग मघापासून आपण भांडत कशासाठी होतो?"

धाकटीनं रिकामे वाडगे गोळा करायला घेतले.

अक्कानं कवळीवाल्यांकडे पाहिलं. ते नेहमीसारखे तिच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत होते, ती आता काय बोलते म्हणून. "लग्नाच्या जेवणाला हे सूप असणार," ती त्यांना म्हणाली. "कोंबडीशिवायचं कोंबडीचंच. तुम्हाला कळो न कळो." मग तिनं फडताळातून झाकलेला वाडगा आणला आणि वहिनीपुढे ठेवला. "हे तंगडीच्या आधीचं. गार झालंय. नीट चाख आणि सांग."

वहिनीनं चमचा घेतला. जिभेवर फिरवला.

"काही कळत नाही," ती म्हणाली. "जीभ भाजलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे नुसतं ओलं लागतंय."

"पण शुक्रवारी लग्न आहे!" अक्का म्हणाली. "न चाखलेलं सूप मी लग्नाला वाढणार नाही."

"मग मी चाखतो," अण्णा म्हणाला, आणि त्याच्याकडे कुणी लक्षसुद्धा दिलं नाही.

कवळीवाले उठले. खिशातून त्यांनी पेनाएवढी बत्ती काढली, वहिनीसमोर येऊन वाकले आणि म्हणाले, "आ करा."

परक्या माणसापुढे वहिनीनं आजवर मान वर करून हसणंही टाळलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं, आणि आ केला.

"टोक भाजलंय, आणि डावी बाजू," कवळीवाले म्हणाले. "गरम काही घ्यायचं नाही. आठवड्यानं चव यायला लागेल. दात मात्र सुरेख आहेत."

अण्णा डोकावला. थोरला डोकावला. धाकटी व्यावसायिक कुतूहलानं अगदी जवळ आली.

"मग लग्न पुढच्या रविवारी," अक्का म्हणाली. "सकाळी ही चाखेल, दुपारी आपण लग्न लावू."

"चालेल," कवळीवाले जिभेकडे बघत म्हणाले.

"आणि रविवारी नाहीच आली चव तर?" अण्णानं विचारलं.

"तर सोमवारी."

सोमवारी कांद्याची पोती येतात, निवडायला सगळे हात लागतात, सोमवारी कुणी लग्न ठेवतं का, हे वहिनीला सांगायचं होतं. पण बत्ती तोंडाशी होती आणि घरातले सगळे आत बघत होते. तिनं नुसतंच "आँ" केलं.

"बघा, तिचाही होकार आहे," अक्का म्हणाली, आणि कांदे कापायला आत निघून गेली.